शाळेला दुर्बीण द्या, पण डोळा लावायला जागा असलेली द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्यातल्या काही शाळांना देणगीतून 'स्मार्ट टेलिस्कोप' द्यायचं ठरतंय अशी बातमी आपल्या पेपरात वाचली. आनंद झाला, कारण आपल्याकडं शाळेला देणगी म्हटलं की कपाट, पंखा नाहीतर पाण्याची टाकी, आणि टाकीवर देणाऱ्याचं नाव एवढं मोठं की टाकी कुठल्या शाळेची तेच कळू नये. दुर्बीण द्यावी असं कुणाला तरी वाटलं हेच खूप झालं. पण बातमीत होतं की या दुर्बिणीतून मुलांना 'मोबाईलवर थेट' ग्रह-तारे दिसणार, आणि तिथं मी अडकलो. मोबाईलवर, म्हणजे या दुर्बिणीला डोळा लावायला आयपीसच नाही. ऑर्डर अजून गेली नसेल तर त्या देणगीदार मंडळींनी हे पत्र वाचावं म्हणून लिहितोय, जरा लांबेल, कापलंत तरी चालेल पण मधलं फ्लिप मिररचं तेवढं ठेवा.

आधी त्या स्मार्ट टेलिस्कोपबद्दल चांगलं तेही सांगतो, उगाच नावं ठेवायला नको. सीस्टार एस५० सारखी जी छोटी दुर्बीण आहे ती अंगणात ठेवायची, मोबाईलवर मृगातला तेजोमेघ निवडायचा, ती आपली आपण वळते, दहा-दहा सेकंदांचे फोटो काढून एकावर एक रचत जाते आणि पाच-दहा मिनिटांत गुलाबी ढग स्क्रीनवर येतो. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला अंधारात नेली तर फारच मजा. तेजोमेघ आणि दीर्घिकांसाठी ती बरीच आहे. पण शाळेतल्या पोरांना काय बघायचं असतं? चंद्रावरचे खड्डे, शनीची कडी, गुरूचे पट्टे. आणि नेमकं तिथंच ती कमी पडते, कारण तिची फोकल लेंथ, म्हणजे भिंगापासून प्रतिमा पडते तिथपर्यंतचं अंतर (ते जेवढं जास्त तेवढी प्रतिमा मोठी), फक्त २५० मिलिमीटर. गुरू जवळ असतो तेव्हा आकाशात साधारण ४५ आर्कसेकंदांचा दिसतो (एका अंशाचे ६० आर्कमिनिट, एका आर्कमिनिटाचे ६० आर्कसेकंद), २५० मिलिमीटरला त्याची सेन्सरवर पडणारी प्रतिमा होते ०.०५५ मिलिमीटर, पिक्सेल २.९ मायक्रॉनचा धरला तर अख्खा गुरू १९ पिक्सेलमध्ये संपला. त्यात पट्टे काय दिसणार आणि लाल डाग काय दिसणार. तोच सेन्सर १५०० मिलिमीटर फोकल लेंथच्या, १२७ मिलिमीटर तोंडाच्या मॅक्सुतोव्हला (भिंग आणि आरसा दोन्ही असलेली आखूड दुर्बीण) लावा, तोच गुरू ११३ पिक्सेलचा होतो.

दुसरी गोष्ट पैशाची नाही न पिक्सेलची नाही. खानापूर, चंदगड बाजूला कुठल्याही गावात आकाशदर्शन ठेवा, लॅपटॉपवर शनी दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला, "हे काय यूट्यूबवरचं दाखवालाय काय?" म्हातारी माणसं तर स्पष्ट सांगतात की हे तुम्ही आधीच आत घालून आणलंय. त्यात त्यांची काय चूक, स्क्रीनवर माणूस रोज काय काय बघतो, त्यात शनी एक. पण तीच आज्जी स्टुलावर चढून आयपीसला डोळा लावते तेव्हा काही सांगायला लागत नाही, ती उतरतच नाही, मागची लाईन कटकट करायला लागते. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की शाळेला द्यायची दुर्बीण डोळ्यानं बघायची असावी, आणि फोटो पण काढायचे असतील, काढावेतच, पोरांना तो नाद लागला तर चांगलंच आहे, तर मध्ये फ्लिप मिरर घाला. एकाच दुर्बिणीत दोन्ही कामं होतात.

हे फ्लिप मिरर काय प्रकरण आहे ते सांगतो कारण दुकानदार सहसा सांगत नाहीत, त्यांना दुसरी दुर्बीण विकायची असते. दुर्बिणीच्या मागच्या तोंडाला बसवायची एक छोटी चौकोनी डबी. आत ४५ अंशात एक आरसा. आरसा खाली असला की उजेड काटकोनात वळून वर आयपीसमध्ये जातो. बाजूचा नॉब फिरवला की आरसा उचलून बाजूला होतो आणि उजेड सरळ मागं कॅमेऱ्यात. रेल्वेचा सांधा बदलावा तसं. कॅमेऱ्याच्या वाटेत तेव्हा काच नाही न काही नाही, त्यामुळं फोटोतला उजेड जरासुद्धा कमी होत नाही. जुन्या एसएलआर कॅमेऱ्याच्या पोटात हेच असतं, बटण दाबलं की 'खट्' करून आरसा उचलतो तोच हा. जपानची व्हिक्सन, जर्मनीची बाडर या कंपन्या असली डबी करतात.

आता कुणी म्हणेल आयपीस काढायचा आणि कॅमेरा घालायचा, एवढ्यासाठी डबी कशाला. करून बघा म्हणतो मी. ग्रहांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा असतो, मी म्हणतोय त्या सेन्सरची मापं ५.६ बाय ३.२ मिलिमीटर. १५०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला त्यात आकाशाचा तुकडा येतो जेमतेम १३ बाय ७ आर्कमिनिटांचा. पूर्ण चंद्र ३० आर्कमिनिटांचा असतो, म्हणजे अर्धा चंद्र पण मावत नाही. त्याच दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा साधा आयपीस लावला तर ५० आर्कमिनिटं दिसतात. तर आयपीसमध्ये गुरू बरोबर मधोमध आणला, आयपीस काढला, कॅमेरा घातला, स्क्रू आवळला, तेवढ्यात ट्यूबला कोपर लागलं, कॅमेऱ्याचं वजन आयपीसपेक्षा वेगळं म्हणून ट्यूब जरा वाकली, शिवाय फोकस वेगळा. स्क्रीन काळी. मग अंदाजानं इकडं तिकडं हलवत बसायचं, आणि फोकस हुकलेला असेल तर गुरू समोरून गेला तरी कळत नाही, एवढा फिकट पसरलेला असतो. त्यात शाळेच्या दुर्बिणीला आकाशाबरोबर फिरवणारी मोटार नसते. पृथ्वी फिरते त्यामुळं आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं, म्हणजे सेन्सरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गुरूला पन्नासेक सेकंद लागतात, मधोमध होता तर पंचवीस सेकंदांत बाहेर. आयपीसमध्ये तोच तीन मिनिटांच्या वर राहतो.

फ्लिप मिररवर मोटार नसली तरी चालतं. गुरू आयपीसमध्ये मध्याच्या जरा अलीकडं आणून सोडायचा, नॉब फिरवायचा, व्हिडिओ चालू, गुरू आपला आपण एका बाजूनं येतो न दुसऱ्या बाजूनं जातो. गेला की आरसा खाली, परत पकडायचा. मधल्या वेळात दोन पोरं डोळ्यानं बघून पण घेतात. कॅमेरा काढायचा नाही, घालायचा नाही.

एवढं गोड असलं तरी पहिल्यांदा जुळवायला लागतं, आणि ते दिवसा जुळवा, रात्री टॉर्च तोंडात धरून करू नका. लांबचा मोबाईल टॉवर नाहीतर येळ्ळूरच्या बाजूला राहत असाल तर राजहंसगडाचा बुरूज पकडा. आधी कॅमेऱ्यावर एखादा ठिपका मधोमध आणा आणि दुर्बिणीच्या नॉबनं फोकस करा. मग आरसा खाली पाडा. आता दुर्बिणीच्या नॉबला हात लावायचा नाही, आयपीस आपल्या नळीत वर-खाली सरकवून स्वच्छ दिसेल तिथं घट्ट करायचा. तोच ठिपका आयपीसमध्ये मधोमध नसेल तर डबीवर आरशाचे बारीक स्क्रू असतात, ते फिरवून मध्ये आणायचा. बस, दोन्ही जुळलं. फक्त लक्षात ठेवा की डोळ्यानं केलेला फोकस हा अंदाजाचा, कारण आपला डोळा स्वतः पण थोडं जमवून घेतो. शेवटचा बारीक फोकस स्क्रीन बघूनच, ताऱ्यावर करायचा असेल तर बाख्तिनोव्ह मास्क, म्हणजे फोकस जुळवायला दुर्बिणीच्या तोंडावर लावायची जाळीदार चकती, लावून.

गावच्या कार्यक्रमात एक अडचण दर वेळी येते आणि ती पुस्तकात लिहिलेली नसते. प्रत्येक माणूस डोळा लावल्या लावल्या फोकसचा नॉब फिरवतो. चष्मेवाला काका आला, चष्मा काढला, फिरवला. त्याच्या मागून पोरगी आली, तिनं फिरवला. कॅमेऱ्याचा फोकस गेला कामातून. यावर उपाय म्हणजे आयपीसची नळी पिळून वर-खाली होणारी, हेलिकल म्हणतात तसली घ्यायची, आणि लोकांना सांगायचं की पिळायचं ते हेच पिळा, खालच्या नॉबला हात लावायचा नाही. मग प्रत्येकाच्या डोळ्याप्रमाणं आयपीस जुळतो आणि कॅमेरा आपल्या जागी सुखात. मला विचाराल तर सगळ्या डबीत हीच एक सोय पैसे टाकण्यासारखी आहे.

आणि पोरं हुशार असतात, विचारणारच, की आयपीसमध्ये गुरूचे तीन चंद्र उजवीकडं होते, स्क्रीनवर डावीकडं कसे आले. आरशात एकदा जास्त पलटल्यामुळं आयपीसमध्ये डावं-उजवं बदलतं, कॅमेऱ्यात तो आरसा वाटेत नसतो. सायन्सच्या सरांना परावर्तनाचा तास घ्यायला आयतं साधन मिळालं. त्यात आरशाचा नॉब फिरवला की दर वेळी बदलून दिसतं, फळ्यावर किरण काढत बसायला नको.

आता कुठल्या दुर्बिणीला बसतं न कुठल्याला नाही, हे ऑर्डर देणाऱ्यानं नीट बघावं. डबी स्वतः साठ ते नव्वद मिलिमीटर वाट खाते. मॅक्सुतोव्ह आणि तसलीच श्मिट-कॅसेग्रेन यांचा मुख्य आरसाच पुढं-मागं होतो म्हणून त्यांना फरक पडत नाही, फोकस आरामात येतो. भिंगाच्या दुर्बिणीला मागं काटकोनात वळवणारा आरसा, डायगोनल, असतोच, तो काढून तिथं ही डबी बसते, बहुतेक वेळा जमतं. पण शाळांच्या कपाटांत ज्या पडून आहेत त्या बऱ्याच न्यूटोनियन, म्हणजे आरशाच्या, ११४ नाहीतर १३० मिलिमीटरच्या, बाजूनं बघायच्या. त्यांचा फोकस नळीच्या तोंडाशीच असतो, आत जायला जागा नाही, तिथं डबी लावली की कशाचंच चित्र येत नाही. बार्लो भिंग (प्रतिमा दोन-तीनपट मोठी करणारं) डबीच्या आधी लावलं तर फोकस बाहेर ढकलला जातो आणि काम होतं, पण बार्लो ते सेन्सर अंतर वाढलं की दोनपटीचं बार्लो तीनपट होऊन बसतं, मग आकाशाचा तुकडा आणखी छोटा आणि गुरू आणखी लवकर पळतो. मोटार नसेल तर त्या फंदात पडू नये असं माझं मत. मोठ्या सेन्सरचा डीएसएलआर असेल तर त्यालाही सव्वा इंची तोंडाच्या या डबीची गरज नाही, कडा काळ्या येतात, आणि तेवढ्या मोठ्या सेन्सरमध्ये ग्रह तसाही सापडतो.

गोटू माऊंट, म्हणजे नाव निवडलं की दुर्बीण आपली आपण तिकडं वळवणारा मोटारीचा स्टँड, घ्या की, मग कशाला हे, असं शहरातले मित्र म्हणतात. गोटू चांगलं आहे, पण साधं गोटू दहा-पंधरा आर्कमिनिटं इकडं तिकडं सहज जातं आणि आपला तुकडा सातचा. प्लेट सॉल्विंग म्हणजे फोटोतले तारे ओळखून दुर्बीण कुठं बघतेय ते कॉम्प्युटरनं शोधायचं, ते लहान फोकल लेंथला झकास चालतं, पण एवढ्या बारीक तुकड्यात, गुरूच्या झगझगाटाजवळ, ओळखण्यासारखे तारे हवेत तरी कुठं. आणि खानापूर तालुक्यातल्या शाळेच्या मैदानात कॉम्प्युटर, केबल, बॅटरी, लाईट गेलेली, हे सगळं एक शिक्षक सांभाळणार कसं ते पण बघा जरा.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी पेन उचललं. ही डबी परदेशातून मागवायची तर कुरिअर आलं, कस्टम आलं, महिना-महिना वाट बघणं आलं. आणि आपण राहतो कुठं? बेळगावात. उद्यमबागेत फाऊंड्र्या आहेत, हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह बनवणारे आहेत, मायक्रॉनमध्ये बोलणारी टर्नर मंडळी आहेत. या डबीत असं काय आहे जे तिथं होणार नाही? ॲल्युमिनियमचा ठोकळा, तीन भोकं, एक शाफ्ट, एक नॉब, आरशाची पट्टी. फक्त पाच गोष्टी सांगून ठेवतो, ड्रॉइंग करणाऱ्याच्या कामाला येतील. कॅमेऱ्याच्या बाजूचा आटा टी-टू म्हणजे ४२ मिलिमीटर व्यास आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.७५ मिलिमीटर. जुन्या स्क्रूच्या कॅमेरा लेन्सचा पण ४२ चाच असतो पण त्याची पिच १, दिसायला सारखे, एक-दीड फेरा जातो आणि अडकतो, जोर लावला की दोन्ही पार्ट भंगारात. आयपीसचं भोक सव्वा इंची, म्हणजे ३१.७५ मिलिमीटर अधिक सरकायला थोडी मोकळीक. आरसा घरातल्यासारखा चालत नाही, त्याचा मुलामा काचेच्या मागं असतो म्हणून ग्रह डबल दिसतो, मुलामा वरच्या बाजूला असलेला फर्स्ट सरफेस आरसा मिळतो तोच घ्यायचा आणि बोट लावायचं नाही. आतून काळं, मॅट, चकाकी नको.

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आरसा दर वेळी अगदी त्याच जागी पडला पाहिजे. आरसा ते आयपीसचा फोकस हे अंतर ५० मिलिमीटर धरा, आरसा १ अंशानं चुकला की किरण २ अंशांनी वळतो, प्रतिमा पावणेदोन मिलिमीटर सरकते. आपल्या सेन्सरची अर्धी उंची १.६. म्हणजे आयपीसमध्ये मधोमध दिसलेला गुरू कॅमेऱ्यात वरून किंवा खालून बाहेर. स्वस्तातल्या डब्या इथंच मार खातात, शाफ्टला प्ले (ढिलेपणा) असतो, थोड्या दिवसांनी आरसा लुळा पडतो. शाफ्टला नीट बुश, आरसा टेकायला सेट करता येणारा स्टॉप, आणि त्याला दाबून धरणारी स्प्रिंग. हे काम उद्यमबागेत कुणाला अवघड वाटेल असं मला तरी वाटत नाही. एक पीस करायला गेलं तर कारखानदार हसेल, खरं आहे, सेटिंगलाच दिवस जातो. पण तालुक्यातल्या सगळ्या शाळांसाठी मिळून एकदम लॉट केला तर जॉबवर्क म्हणून परवडेल. देणगीदारांपैकी बरेच जण कारखानेवालेच असतात, त्यांनी पैशाऐवजी मशीनचा वेळ दिला तरी चालेल की.

फोटोचं पुढचं थोडक्यात. एक फोटो काढायचा नसतो, हजारो फ्रेमचा व्हिडिओ घ्यायचा, हवा सारखी थरथरते त्यातल्या स्थिर क्षणांच्या फ्रेम ऑटोस्टॅकर्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर निवडून एकावर एक रचतं. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो म्हणून दोनेक मिनिटांच्या वर व्हिडिओ घेऊ नये, नाहीतर पट्ट्यांवरचे डाग पसरतात. ग्रहांना अंधारं आकाश पण लागत नाही, टिळकवाडीत गच्चीवरून जमतं, फक्त दिवसभर तापलेल्या पत्र्यांवरून बघू नका. दिवाळीनंतर दव पडायला लागतं, मॅक्सुतोव्हच्या पुढच्या काचेवर पंधरा मिनिटांत ओल धरते, म्हणून पुढं पुठ्ठ्याची लांब नळी घाला.

एक धोक्याची गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. फ्लिप मिररवर सूर्याचे फोटो काढायचे असतील तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला सोलर फिल्टर पाहिजेच, आयपीसला लावायचे छोटे फिल्टर उन्हानं तडकतात. कॅमेऱ्यात सूर्य चाललाय म्हणून वरच्या आयपीसकडं कुणाचं लक्ष नसतं, आणि पुढचा फिल्टर नसला, तेवढ्यात एखाद्या पोरानं गंमत म्हणून आरशाचा नॉब फिरवला आणि दुसऱ्यानं डोळा लावला तर डोळा जातो. २६ डिसेंबर २०१९ ला बेळगावातून खंडग्रास दिसलं तेव्हा गल्लोगल्ली लोक काय काय घेऊन सूर्याकडं बघत होते ते आठवा. शाळेत सूर्य बघायचा दिवस असेल तर आयपीस काढून तिथं टोपण घालून ठेवा, आणि टोपणावर टेप मारा.

सध्या पावसाळा आहे, आभाळ काय दिसायचं नाही, पण लेथ पावसात पण चालतं. ऑक्टोबर २०२६ मध्ये शनी प्रतियुतीत येतोय, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला, रात्रभर दिसणारा, २०२५ मध्ये त्याची कडी आडवी होऊन नाहीशी झाल्यासारखी झाली होती ती आता परत उघडायला लागलीत. आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू प्रतियुतीत असेल, तेव्हा तो आकाशातल्या विषुववृत्ताच्या साधारण १५ अंश उत्तरेला असणार आणि बेळगावचं अक्षांश पावणेसोळा-सोळा अंश, म्हणजे मध्यरात्रीच्या सुमाराला तो बरोबर आपल्या डोक्यावर. हवेचा थर सगळ्यात पातळ, चित्र सगळ्यात स्वच्छ. अशा वेळी सरळ मागून बघायची दुर्बीण असली तर जमिनीवर लोळावं लागतं, फ्लिप मिररचा आयपीस काटकोनात असतो म्हणून उभ्या उभ्या नाहीतर स्टुलावर बसून बघता येतं. ज्या मंडळींनी शाळांसाठी पैसे काढून ठेवलेत त्यांनी दुकानदाराला एवढं विचारावं की आयपीस आहे का, आणि मागं ४२ बाय ०.७५ चा आटा बसतो का. आणि उद्यमबागेतल्या कुणाला एक नमुना पीस करून बघायची इच्छा असेल तर त्यांनी आपल्या पेपरमार्फत कळवावं, मापं कागदावर तयार आहेत, घेऊन येतो.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव